यंत्र नंतर घ्या, आधी धुळीचं बघा

घरी सुतारकाम सुरू करू पाहणारे बरेच जण मला लिहून विचारतात. टेबल सॉ (मेजात बसवलेली यांत्रिक करवत) कुठला घेऊ? सेकंडहँड प्लेनर (यांत्रिक रंधा) मिळतोय, चालेल का? राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) पाव इंची घेऊ की अर्धा इंची? मी सगळ्यांना आधी एकच उलट प्रश्न विचारतो: धुळीचं काय करणार आहात? त्यावर बहुतेकांकडून "मास्क लावीन की" किंवा "काम झालं की झाडून काढीन" असं उत्तर येतं. ही उत्तरं ऐकून मला खरोखर काळजी वाटते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

माझा पोटापाण्याचा धंदाच हवा खेचण्याचा आहे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत ब्लोअर, डक्ट, बॅग फिल्टर बसवायचे, आणि बसवलेले नीट खेचत नसतील तर का खेचत नाहीत ते शोधायचं. ग्राइंडिंगची धूळ, वेल्डिंगचा धूर, फाउंड्रीतली वाळू, सगळं जवळून पाहिलंय. सुतारकाम मात्र हौसेचं. रो हाउसच्या पार्किंगला शटर लावून तिथे वर्कशॉप केलंय, अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद, नऊ फूट उंच. टेबल सॉ, बारा इंची थिकनेस प्लेनर, मायटर सॉ (लाकूड हव्या त्या कोनात कापणारी करवत), राउटर टेबल आणि हातातली यंत्रं एवढं त्यात मावतं. जिना आतूनच वर जातो आणि जिन्याच्या तोंडाशी आईची खोली आहे. खाली मी जी हवा करीन ती थोड्या वेळाने तिच्या खोलीत जाणार, हे उघड होतं. म्हणून आमच्याकडे टेबल सॉच्या आधी डस्ट कलेक्टर, म्हणजे यंत्रांवरचा भुसा आणि धूळ खेचून घेणारा मोठा ब्लोअर, आला.

आधी धूळ आणि भुसा वेगळे करून घेऊ. प्लेनरमधून निघतात त्या ढलप्या, करवतीखाली साचतो तो भुसा. तो जमिनीवर पडतो, चपलांना चिकटतो, केरसुणीने गोळा होतो. त्याचा पसारा होतो, त्यावरून पाय घसरतो, पण तो हवेत राहत नाही. त्याहून बारीक जी धूळ श्वासाबरोबर आत जाते, तिच्यातली जाडसर नाकात आणि घशात अडकते, आणि दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची छातीत उतरते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढा बारीक सुटा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि तो खाली बसायला किती वेळ घेतो ते बघा. पाण्याच्या घनतेचा दहा मायक्रॉनचा गोल कण शांत हवेत सेकंदाला तीनेक मिलिमीटर खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला अकरा-बारा मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळपास तीन तास, आणि एक मायक्रॉनच्या कणाला पंधरा-सोळा तास. तेही हवा अजिबात हलत नसेल तर. काम संपवून, भुसा झाडून, "चला, स्वच्छ झालं" म्हणून आपण मास्क काढतो तेव्हा खोलीतली सगळ्यात वाईट धूळ डोक्याच्या उंचीवर तरंगत असते. शिवाय कोरड्या झाडूने खाली बसलेलीही परत वर उडवलेली असते.

आता किती धूळ म्हणजे जास्त? युरोपीय संघाने २०२३ पासून कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे, आठ तासांच्या सरासरीने. ब्रिटनमध्ये ती ३ मिलिग्रॅम आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये साधारण पन्नास घनमीटर हवा मावते. म्हणजे एका वेळी १०० मिलिग्रॅम धूळ, ग्रॅमचा दहावा भाग, हवेत तरंगत राहिली की मर्यादा गाठली. भाजीत टाकायला चिमटीत मीठ घेतो त्याहूनही हे कमी. ऑर्बिटल सँडरने (सँडपेपर गरगर फिरवून लाकूड घासणारं यंत्र) एका टीपॉयचा पाट घासला तर याच्या कित्येक पट धूळ निघते. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा माझ्या मनातले सगळे वाद मिटले.

ही मर्यादा आली कुठून, त्याचाही इतिहास सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी नावाजलेलं. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद एस्मी हॅडफील्ड यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं, की नाकाच्या पोकळ्यांमधला एक अत्यंत विरळा कॅन्सर आपल्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत वारंवार दिसतोय. ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली. माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो, धोका किती मोठा हे त्यावरून ठरत नाही. ते कामगार वर्षानुवर्षं, रोज दिवसभर त्या धुळीत उभे होते. रविवारी एक स्टूल करणाऱ्याने घाबरून रंधा खाली ठेवायचं काही कारण नाही. पण कॅन्सरच्या कितीतरी आधी येणारा दमा, सतत वाहणारं नाक, न जाणारा खोकला, हे हौशी माणसालाही होऊ शकतं.

हाय विकमचं लाकूड बीच आणि ओकचं होतं. आपल्याकडे साग आणि शिसव. शिसवात अशी द्रव्यं असतात की ती अंगाला एकदा का सोसेनाशी झाली, तर पुढे थोड्या धुळीनेही पुरळ उठतं. सागाच्या भुशाने कोपराच्या लवणीत आणि मानेवर खाज सुटते, हे सागात काम केलेल्या कुणालाही विचारा. प्लाय आणि एमडीएफची गोष्ट आणखी वेगळी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू सुटे करून युरिया फॉर्मल्डिहाइडच्या राळेत दाबलेले. त्यामुळे ते कापताना ढलपी निघतच नाही, सगळी पीठासारखी धूळ होते आणि तिच्यात ती राळही असते. माझ्या वर्कशॉपमध्ये एमडीएफ शक्यतो येत नाही. आलाच तर तो कापणं शटर पूर्ण वर करून, दारातच.

आता यंत्रणेकडे वळू. इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर यांच्यात. दोन्ही खेचतात, म्हणून लोकांना वाटतं की एक छोटा आणि एक मोठा एवढाच फरक. तसं नाही. आमच्या धंद्यात दोन आकडे वेगळे बघतात, हवा किती आणि जोर किती. हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. जोर पाण्याच्या इंचात, म्हणजे ती खेच नळीतलं पाणी किती उंच उचलेल. वर्कशॉपचा ओला-सुका व्हॅक्यूम घेतला तर त्याची हवा शंभर-सव्वाशे सीएफएम, पण जोर साठ, ऐंशी, कधी त्याहूनही जास्त इंच. म्हणून तो दीड इंची लांब नळीतूनही खेचू शकतो. दोन हॉर्सपॉवरच्या डस्ट कलेक्टरचा जोर दहाएक इंच, पण हवा हजाराच्या आसपास सीएफएम. त्याला दीड इंची नळी जोडली तर तो काहीच करणार नाही, आणि व्हॅक्यूमला चार इंची पाइप जोडला तर त्यातल्या मंद हवेवर भुसा वाहणार नाही, पाइपातच बसेल. हातातल्या यंत्रांना, म्हणजे सँडर, राउटर, ट्रॅक सॉ यांना व्हॅक्यूम. उभ्या यंत्रांना, म्हणजे टेबल सॉ, प्लेनर, बँड सॉ यांना डस्ट कलेक्टर. एकावर दोन्हीचं काम भागत नाही. ज्याला एकच परवडतं त्याने व्हॅक्यूम घ्यावा, कारण सगळ्यात घातक धूळ सँडरची, आणि ती पकडायला व्हॅक्यूमच लागतो.

यात एक मजेची गोष्ट आहे. प्लेनर पोतं भरून ढलप्या काढतो, त्यामुळे लोक आधी प्लेनरचं बघतात. सँडर वाटीभर पावडर काढतो, म्हणून त्याला त्याच्याबरोबर आलेली टीचभर पिशवी पुरेशी वाटते. छातीच्या दृष्टीने क्रम नेमका उलटा आहे. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडा, कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसवा, आणि जमलं तर जाळीचा सँडिंग पेपर वापरा. फिनलंडच्या मिर्का कंपनीचा ॲब्रानेट आपल्याकडेही मिळतो. जाळीतून सगळीकडून हवा जाते, त्यामुळे धूळ कागदाखाली घोळत बसत नाही, कागदही जास्त टिकतो. अशा सँडरने सागाचा पाट घासला की पाटावरून बोट फिरवून बघा. बोटाला जवळजवळ काही लागत नाही. ज्याने आयुष्यभर पाट घासून मग फडक्याने पुसलाय, त्याला हे बघून फार समाधान वाटतं.

व्हॅक्यूमच्या अलीकडे सायक्लोन मात्र लावाच. प्लॅस्टिकचं उलट्या शंकूसारखं तोंड असतं, ऑनलाइन दोन-तीन हजारांच्या आत-बाहेर मिळतं, आणि ते रंगाच्या वीस लिटरच्या बादलीच्या झाकणावर बसवता येतं. हवा त्यात कडेने, तिरकी शिरते आणि गोल फिरत खाली जाते. फिरताना जड कण बाहेरच्या भिंतीला दाबले जातात, घसरत बादलीत पडतात. हवा मात्र तळाशी वळून मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. या युक्तीला अमेरिकेत १९ व्या शतकातच पेटंट मिळालं होतं, आणि लाकूड गिरण्यांच्या छपरावर हे मोठाले शंकू तेव्हापासून दिसतात. जेम्स डायसनला बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना अशाच एका गिरणीच्या सायक्लोनवरून सुचली. त्याने ५१२७ नमुने करून पाहिले, ही गोष्ट तो स्वतःच सांगतो. सायक्लोन लावला की बहुतेक सगळा भुसा बादलीत राहतो, व्हॅक्यूमचा फिल्टर तुंबत नाही, आणि फिल्टर तुंबला नाही की खेच शेवटपर्यंत तशीच राहते.

फक्त बादली दणकट हवी. नळीचं तोंड कशाने बंद झालं, लाकडाचा एखादा तुकडा अडकला, तर व्हॅक्यूमचा सगळा जोर बादलीवर येतो. ऐंशी इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला साधारण दोन टन. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हे वजन १४० किलोच्या आसपास भरतं. पातळ बादली डोळ्यांदेखत चेपते. एक बादली दुसऱ्या बादलीत घालून, मध्ये प्लायची गोल रिंग कापून बसवली की काम भागतं. आणि झाकण हवाबंद पाहिजे. खालून हवा शिरली तर सायक्लोनमधला भुसा पडायच्या ऐवजी वर उचलला जातो आणि थेट फिल्टरवर जातो. माझ्याकडे कुणी "सायक्लोन चालत नाही" म्हणून तक्रार घेऊन आलं, की मी पहिल्यांदा झाकणाची रबर रिंग बघतो.

मोठ्या कलेक्टरला पाइप कुठला? आपल्याकडे ड्रेनेजचे एसडब्ल्यूआर पाइप सगळीकडे मिळतात, ११० आणि १६० मिलिमीटर. लाकडाचा भुसा पाइपात न बसता वाहता राहायला हवेचा वेग सेकंदाला वीस मीटर तरी हवा. त्या वेगाने ११० च्या पाइपातून साडेतीनशे सीएफएमच्या आसपास हवा जाते, १६० मधून साडेसातशेच्या वर. म्हणजे हजार सीएफएमचा कलेक्टर घेऊन त्याला सगळा रस्ता ११० चाच दिला, तर अर्ध्याहून अधिक पैसे पाण्यात. मुख्य लाइन १६० ची ठेवा आणि यंत्राजवळ जाऊन मग बारीक करा. काटकोनी बेंडऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन, टी आकाराच्या जोडाऐवजी वाय आकाराचा. कोरुगेटेड नळी फक्त शेवटच्या हात-दीड हातापुरती. तिच्या आतल्या वळ्यांमुळे घर्षण गुळगुळीत पाइपाच्या दुपटीहून जास्त होतं. प्रत्येक फांदीला झडप लागते. ती विकत घ्यायला नको, सहा मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्यांमध्ये सरकणारी तिसरी फळी, झाली झडप. मोटार दोन हॉर्सपॉवर सिंगल फेज असेल तर तिच्यासाठी वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी ओढून घ्या. सॉ आणि कलेक्टर एका सॉकेटवर चालवू नका.

आता माझ्या मते या सगळ्यातली कळीची बाब. खेचणारी हवा तोंडापासून दूर गेली की तिचा जोर विलक्षण वेगाने ओसरतो. फुंकलेली हवा लांब जाते, खेचलेली जात नाही. पाइपाच्या व्यासाएवढं अंतर पुढे गेलात की तिथे हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहा टक्क्यांवर येतो. शंभर मिलिमीटरच्या पाइपासमोर, शंभर मिलिमीटरवर, वीसचे दोन मीटर झाले. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उदबत्ती घ्या. पाइप आणि कलेक्टरचा भुसा साठवायचा ड्रम रिकामे, स्वच्छ असतानाच हा प्रयोग करा, आणि निखारा तोंडाजवळ नेऊ नका, नाहीतर आत ओढला जाऊन आग लागेल. उदबत्ती हातभर लांब धरून कलेक्टर चालू केला तर धूर सरळ वर जात राहतो, वळतही नाही. हळूहळू जवळ आणत जा. एका ठिकाणी धुराची रेघ एकदम मोडते आणि आडवी होऊन आत शिरते. तेवढीच तुमच्या कलेक्टरची खरी हद्द. यंत्रावर धूळ जिथे जन्मते ती जागा या हद्दीत आली पाहिजे. म्हणून कलेक्टर मोठा घेण्याआधी तोंड जवळ नेणं, भोवती आडोसा करणं, यावर डोकं खर्च करा. ते फुकट असतं.

टेबल सॉचं उदाहरण घ्या. खालून तुम्ही कितीही खेचा, पात्याच्या दात्यांच्या खोबणीत अडकलेली धूळ फिरत वर येते आणि थेट तुमच्या तोंडाकडे फेकली जाते. त्यासाठी पात्यावरचा गार्ड पोकळ करून त्याला वरून दुसरी नळी द्यावी लागते. मायटर सॉ सगळ्यात अवघड. तो मागे, पंख्यासारखी पसरट धूळ फेकतो, आणि त्याचं स्वतःचं नळीचं तोंड त्यातली निम्मीही पकडत नाही. त्याच्यामागे तिन्ही बाजूंनी बंद असा प्लायचा खोका करून खोक्याच्या तळाला १६० चं तोंड दिलंय. तरीही पूर्ण पकडतो असं म्हणणार नाही. म्हणून मायटर सॉ शटरच्या अगदी जवळ मांडलाय.

फिल्टरबद्दल थोडं. स्वस्त कलेक्टरवर कापडी पिशवी येते आणि तिच्यातून वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचे कण सहज पार होतात. म्हणजे तो कलेक्टर भुसा पिशवीत ठेवतो आणि आपण ज्याची भीती बाळगतो ती धूळ गाळून, बारीक करून, खोलीभर फवारतो. वर्कशॉप झकपक दिसतं, आणि हवा आधीपेक्षा वाईट. पिशवी काढून एक मायक्रॉनचं पॉलिस्टर कार्ट्रिज लावा. भोसरीच्या बाजूला असे कार्ट्रिज बनवणारे आहेत, औद्योगिक फिल्टरवाल्यांकडे मापं दिली की करून देतात. कापडाचं क्षेत्रफळ भरपूर घ्या. हजार सीएफएमला दहा-पंधरा चौरस मीटर तरी.

पण त्याहून सोपी वाट आपल्याकडे उपलब्ध आहे आणि तिचा विचार कुणी करत नाही. धुळीवरचं बहुतेक लिखाण अमेरिका-युरोपातून येतं. तिथे हिवाळ्यात गरम केलेली हवा बाहेर सोडणं परवडत नाही, म्हणून ती गाळून परत आत घेतात. फिल्टरवर त्यांचा एवढा भर आहे तो त्यामुळे. आपल्याला हवा गरम करायची नाही. गावाकडे, शेतावर, मागे मोकळी जागा असेल तर सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडा. फिल्टर नाही, फिल्टरची कटकट नाही. फक्त जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट द्या, नाहीतर ब्लोअर उपाशी राहतो. शटर वीतभर उघडं ठेवलं तरी पुरतं. माझ्या रो हाउसला हे शक्य नाही, कारण पलीकडे शेजारच्या वहिनींची कपडे वाळवायची दोरी आहे. म्हणून मी कार्ट्रिजवर आहे.

कार्ट्रिज कधी साफ करायचं हे अंदाजाने ठरवू नका. पारदर्शक नळीचा तुकडा घ्या, यू आकारात फळीवर ठोका, त्यात शाई घातलेलं पाणी भरा. एक टोक फिल्टरच्या अलीकडच्या हवेला भोक पाडून जोडा, दुसरं मोकळं सोडा. कलेक्टर चालू केला की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत फरक पडतो. फिल्टर नवा असताना तो किती आहे तिथे मार्करने खूण करा. दुप्पट झाला की साफ करायची वेळ झाली. वीस-तीस रुपयांत होणारं हे साधन मी कारखान्यांत लाखो रुपयांच्या यंत्रणेवर वापरतो, आणि ते कधी खोटं बोलत नाही. पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवा. जुलैच्या दमट हवेत धूळ कापडाला चिकटून लगदा होतो, झटकली तरी सुटत नाही.

हवेतल्या धुळीचं मोजमाप घरीही करता येतं. लेझरवर चालणारा पीएम २.५ चा छोटा सेन्सर आता हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. लाकडाच्या धुळीसाठी त्याचा आकडा अचूक मानू नका, पण आधी आणि नंतरची तुलना तो उत्तम दाखवतो. आपल्या देशाचं बाहेरच्या हवेचं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. नळी न जोडता सँडर चालवला की माझा सेन्सर काही मिनिटांत कितीतरी शेकड्यांत जातो आणि सँडर बंद केल्यावरही खाली यायचं नाव घेत नाही. नळी जोडून, छताला एक्झॉस्ट फॅन आणि एएचयूच्या (मोठ्या एसी यंत्रणेतल्या हवा फिरवणाऱ्या यंत्राच्या) बारीक फिल्टरचा खोका टांगून तोच पाट घासला तर आकडा जेमतेम हलतो. छतावरचा खोका मात्र दुसरी फळी आहे, पहिली नाही. त्याच्याकडे पोचेपर्यंत ती धूळ तुमच्या नाकासमोरून गेलेली असते.

मास्कचं सगळ्यात शेवटी, कारण तो शेवटचाच उपाय. पण तो लागतोच. रुमाल, गमछा, ओढणी यांनी बारीक धूळ अडत नाही. एन ९५ किंवा एफएफपी २, दोन पट्टे डोक्यामागे जाणारा. कानात अडकवायचे बहुतेक सैल बसतात. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकाजवळून हवा गळते आहे. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. रोज काम असेल तर रबरी अर्धा मास्क आणि त्याच्या गुलाबी-जांभळ्या चकत्या घ्या. पैसे एकदाच जातात, आणि श्वासही हलका वाटतो.

हे सगळं मी घरी, रविवारी काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, पण मनात सारखे येतात ते रोजगारीवर काम करणारे सुतार. आमच्या घराच्या चौकटी ज्यांनी केल्या ते सुतारकाका मध्ये एकदा वर्कशॉप बघायला आले होते. मी सँडर चालू करून पाट घासून दाखवला. त्यांनी पाटावर तळहात फिरवला, उलटा करून बघितला, आणि म्हणाले, "भाऊ, आम्हाला कुणी हे दाखवलंच नाही हो." मग बराच वेळ खोकले. त्यांना खोकला नवा नाही, गेली कित्येक वर्षं आहे, आणि घरातले सगळे त्याला वयाचा खोकला म्हणतात.

शहरात फ्लॅटचं इंटिरिअर चालू असतं तेव्हा बंद खोलीत, खिडक्यांना प्लॅस्टिक लावून, हातातल्या कटरने दिवसभर प्लाय आणि एमडीएफ कापतात. पोरं विशी-पंचविशीची असतात, तोंडाला गमछा बांधलेला. संध्याकाळी हवा फुंकणारा हातातला ब्लोअर घेऊन खोलीतली धूळ उडवतात. ब्लोअरने धूळ जात नाही, सगळी परत हवेत येते, आणि ती पोरं रात्री तिथेच झोपतात. घर आपलं असतं. कपाटाच्या लॅमिनेटवर आपण लाखभर रुपये खर्च करतो. त्यातच एक व्हॅक्यूम, बादलीचा सायक्लोन आणि मास्कचं एक खोकं आपण आणून दिलं पाहिजे. कापायचं काम गॅलरीत करायला सांगितलं पाहिजे, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. ठेकेदार करील म्हणून वाट बघू नका. मी ओळखीच्या तीन-चार घरांत हे करायला लावलं आहे. पोरं पहिल्या दिवशी लाजतात, दुसऱ्या दिवसापासून नळी स्वतः जोडतात, कारण काम संपल्यावर सफाईचा तास वाचतो.

ड्रम रिकामा करण्याबद्दल काही जण विचारतात, म्हणून तेही सांगतो. मास्क लावूनच रिकामा करा, घराबाहेर, आणि ड्रमात आधीच मोठी पिशवी घातलेली असेल तर तोंड बांधून उचलायची की झालं. पात्याला खिळा लागून ठिणग्या उडाल्या असतील तर त्या दिवशी ड्रम रात्रभर आत ठेवू नका, भुशात निखारा तासन्‌तास धुमसतो. जवसाच्या तेलाची फडकी तर भुशात कधीच टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. आंबा, शिवण, साग अशा अस्सल लाकडाचा भुसा मी कंपोस्टच्या पिंपात ओल्या कचऱ्यावर थर म्हणून घालतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा त्यात नको, चुलीत किंवा शेकोटीत तर अजिबात नको. तो वेगळ्या गोणीत, तोंड बांधून, सुक्या कचऱ्यात द्या.